उन्हाळ्याची रात्र आणि जुनी व्हॅन



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी कामगार कायद्यांवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. ती गैर नव्हे. तीस वर्षे मी तेच बोलत आलो आहे. कारखान्याच्या दारावर बोललो, लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात बोललो, लग्नाच्या पंगतीतसुद्धा बोललो. परंतु या खेपेस मी त्यांना म्हटले, उन्हाळ्याच्या रात्री जुनी गाडी चालविण्यात जे सुख आहे, त्यावर मला बोलावयाचे आहे. ते क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "विनोदी व्याख्यान आहे का?" मी म्हटले, नाही.

कामगारांच्या पुढाऱ्याने दुःखावर बोलावे असा एक संकेत पडून गेला आहे. कामगाराचा पगार, त्याचे तुटलेले बोट, त्याची थकलेली ग्रॅच्युइटी यांवर आम्ही अधिकाराने बोलतो. त्याला सुख कशात वाटते, हे मात्र त्याला कोणी विचारीत नाही. मालक विचारीत नाही आणि खरे सांगावयाचे तर युनियनही विचारीत नाही. म्हणून आज एका लहानशा सुखाची गोष्ट. ते फुकटचे नाही, पण स्वस्त आहे.

प्रथम आपल्या गावाविषयी. नागपूरकराला उन्हाळा समजावून सांगणे म्हणजे मासळीला पाणी दाखविणे होय. तरी एक आकडा सांगतो. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली. अशा दिवशी दुपारी बारा ते सहा हे शहर आपले नसते. ज्यांच्या खोलीत यंत्राची थंड हवा आहे ते खोलीत असतात, आणि ज्यांना पोटासाठी उन्हात उभे राहावेच लागते ते डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून उभे असतात. मधल्या लोकांनी खसाच्या ताट्यांवर पाणी मारीत बसावे. दिवसाची अशी वाटणी झालेली असते. रात्रीची नव्हती. रात्र सर्वांची होती.

आमच्या लहानपणी उत्तर नागपुरातील आमच्या मोहल्ल्यात मे महिन्यात घरात कोणी झोपत नसे. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडावयाचे, बाजा बाहेर काढावयाच्या, आणि डोक्याशी माठ ठेवावयाचा. ओळीने तीस-चाळीस बाजा. एका टोकाला कोणी गोष्ट सुरू केली की दुसऱ्या टोकाला हशा पिकत असे. त्या गल्लीत एम्प्रेस मिलचे कामगार पुष्कळ होते. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी चालू केलेली ती गिरणी; २००२ साली ती कायमची बंद पडली. तिच्या भोंग्यावर आमच्या गल्लीच्या झोपा लागत आणि मोडत. साचेखात्यातून रात्री सुटून आलेला माणूस चपला हातात घेऊन बाजांच्या मधून चालत येई, कोणाची झोप मोडू नये म्हणून. ही रीत त्यांना कोणी शिकविली नव्हती.

आता अंगणे राहिली नाहीत. जागा होती तेथे खोल्या चढल्या, खोल्यांवर स्लॅब पडला, रस्ता सिमेंटचा झाला. माती दिवसभर तापते आणि सूर्य मावळला की लवकर निवते; तिच्यात ओल असेल तर आणखी लवकर. सिमेंट तसे करीत नाही. ते दिवसभर उष्णता साठविते आणि रात्रभर ती परत देत बसते. दोन्ही बाजूंनी भिंती उंच असल्या तर ही उष्णता वर आकाशाकडेही नीट जात नाही, या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राहते. त्यात प्रत्येक एसीचे धूड आपल्या खोलीतील गरमी उचलून शेजाऱ्याच्या खिडकीकडे फेकते. म्हणून रात्री दहा वाजताही आमच्या गल्लीत भिंतीला हात लावला तर चटका नव्हे, पण आजारी माणसाच्या कपाळासारखी ऊब लागते. किमान तापमान तीस अंशांच्या खाली उतरतच नाही अशाही रात्री आपण पाहिल्या आहेत. थंड हवा मिळते ती शहराबाहेर. तेथे जावयास वाहन पाहिजे.

तर आता व्हॅन. आमच्या युनियनने वर्गणी काढून ही मारुती व्हॅन जुन्या बाजारातून घेतली तेव्हाच तिचे दोन मालक होऊन गेले होते. एकाने तिच्यात शाळेची मुले नेली, दुसऱ्याने मंडपाचे सामान. पुढे युनियनला नवी गाडी मिळाली, आणि ही भंगारात जाऊ नये म्हणून मी आपल्या पैशांनी ती ठेवून घेतली. घरात या खरेदीचे स्वागत झाले नाही, हे सांगावयास नकोच.

ही गाडी १९८४ साली बाजारात आली, तेव्हा तिचे नाव नुसते मारुती व्हॅन असे होते. १९८८ पासून तिला ओम्नी म्हणू लागले, आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. पस्तीस वर्षांत तिचा चेहरा फारसा बदलला नाही. ७९६ घन सेंटिमीटरचे, तीन सिलिंडरचे इंजिन. आणि ते बसविले आहे पुढच्या आसनांच्या खाली. हे चमत्कारिक वाटते, पण त्याला कारण आहे. मूळ गाडी जपानची, सुझुकी कॅरी. तेथे लहान गाड्यांची लांबी-रुंदी कायद्याने ठरलेली असते आणि त्या मापात बसणाऱ्या गाडीला कर कमी पडतो. मग लहान दुकानदाराला माल ठेवावयास जास्तीत जास्त जागा कशी द्यावयाची? इंजिनासाठी पुढे नाक काढले तर तेवढी लांबी फुकट जाते. म्हणून त्यांनी नाकच कापले आणि चालकाला इंजिनावर बसविले. जर्मनीतील फोक्सवॅगनच्या व्हॅनचीही कथा अशीच आहे. कारखान्यातल्या कामगारांनी सुटे भाग वाहण्यासाठी जुळविलेली एक ढकलगाडीवजा मोटार बेन पॉन नावाच्या डच व्यापाऱ्याने पाहिली, १९४७ साली वहीत तिच्यावरून एक चित्र काढले, आणि त्यातून १९५० साली ती जगप्रसिद्ध गाडी निघाली. व्हॅन ही जातच कष्टकऱ्यांची. हिंदी सिनेमाने आमच्या व्हॅनला माणसे पळवून नेणाऱ्यांची गाडी करून ठेवले, तो केवळ सरकत्या दाराचा दोष. त्याच दारातून या शहरातल्या हजारो मुलांनी दप्तरे घेऊन शाळेत उड्या मारल्या आहेत आणि कित्येक रोगी दवाखान्यात उतरले आहेत.

इंजिनावर बसण्याचा अर्थ नागपुरात काय होतो, याची कल्पना जपानी माणसाला नसावी. मे महिन्याच्या दुपारी ही गाडी चालविणे म्हणजे तव्यावर बसून तवा हाकणे होय. खालून इंजिन, वरून पत्रा. शिवाय आमचे मॉडेल कार्ब्युरेटरचे. फार उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ होते, पंपाला ओढावयास पेट्रोल मिळत नाही, आणि गाडी भर चौकात मान टाकते. मग शेजारची सीट उचलून पंपावर ओले फडके ठेवावयाचे, पाच मिनिटे थांबावयाचे. मागचे लोक भोंगे वाजवितात. त्यांना आपण हात जोडावयाचे.

पण हीच गाडी रात्री दहानंतर काढावी! हवा थोडी उतरलेली असते. गार हवा दाट असते, तितक्याच घोटात तिच्यात प्राणवायू अधिक असतो. म्हणून इंजिन मोकळा श्वास घेते. लेथवर काम केलेल्या माणसाच्या कानाला हा फरक कळतो. दुपारी जे यंत्र कुरकुरत होते तेच रात्री एका सुरात चालते, आणि पायाखाली ते आपल्याला जाणवत राहते, कारण आपल्यात आणि त्याच्यात एक गादी आणि एक पत्रा एवढेच अंतर असते. नव्या गाड्यांत इंजिन कोठे आहे हे विसरावे अशीच रचना करतात. ज्याने आयुष्य यंत्राशेजारी काढले त्याला हा विसर फारसा सुखाचा वाटत नाही.

माझी नेहमीची वाट कामठी रोडची. इंदोऱ्यावरून निघावयाचे, ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत डोक्यावर मेट्रो असते, ती संपली की आकाश दिसू लागते. कामठी छावणीत मोठी झाडे आहेत. चैत्रात तेथे निंबाच्या मोहोराचा वास, वैशाखात शिरीषाचा. काचा चारही उघड्या. मागचे सरकते दार कधीकधी आपले आपण चार बोटे मागे सरते आणि तेथून वारा आत शिरून शिटी वाजवितो. पुढे कन्हानचा पूल. पुलावर आले की हवा एकदम बदलते; जणू कोणी माठावरचे ओले कापड तोंडावरून फिरविले. नदीत त्या दिवसांत पाणी कमी, वाळूच अधिक असते, तरी हा गारवा असतो. पुढे लहान नाल्यांच्या मोऱ्यांवरही तोच अनुभव येतो. याचे कारण मी सीताबर्डीच्या फुटपाथवर घेतलेल्या एका जुन्या पुस्तकात वाचले. थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने वाहत जाऊन सखल जागी साचते. म्हणजे रात्री जमिनीवर हवेचे ओढे वाहत असतात आणि डबकीही साचत असतात. डोळ्यांना ती दिसत नाहीत, काच उघडी ठेवून चाळीसच्या वेगाने जाणाऱ्यालाच ती अंगावर कळतात. ऐंशीच्या वेगाने कळत नाहीत. एसी लावून तर नाहीच नाही.

डाव्या हाताला दूरवर औष्णिक वीज केंद्रांच्या चिमण्यांचे तांबडे दिवे दिसतात. कोराडीला ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच आहेत, शिवाय खापरखेडा. नागपूरचे कूलर घरघरत असतात ते त्या दिव्यांखाली तिसरी पाळी जागी असते म्हणून. मला त्या पाळीतले पुष्कळ लोक ठाऊक आहेत. त्यांतले एक नेहमी म्हणतात, "भाऊ, तुम्ही हवा खाऊन राहिले, अन् आम्ही राख." ही थट्टा आहे, तक्रार नाही. तक्रार असली की ते कागदावर लिहून देतात.

मनसरहून रामटेककडे वळले की रहदारी थांबते. येथे वेग आणखी कमी करावा, कारण तापलेल्या डांबरावर रातवा नावाचा पक्षी येऊन बसतो. दिव्याच्या उजेडात प्रथम दोन लाल ठिणग्या दिसतात. आपण ब्रेक दाबतो, आणि अगदी शेवटच्या क्षणी तो चाकापुढून अलगद उडतो. आमच्या सौभाग्यवती प्रथम याला घाबरत. आता त्याच मोजतात. एका रात्री सात झाले होते.

समृद्धी महामार्गाने का जात नाही, असे मला तरुण मंडळी विचारतात. तो ७०१ किलोमीटरचा रस्ता ५ जून २०२५ पासून मुंबईजवळपर्यंत पूर्ण खुला झाला आहे, आणि आमच्या व्हॅनला तेथे मज्जाव नाही. पण तेथे मोटारीला ताशी १२० ची मर्यादा. आमची बाई सत्तरला थरथरू लागते. तो रस्ता पोहोचण्यासाठी आहे. आम्हांला कोठे पोहोचावयाचे नसते. हे पोलिसांना पटविणे मात्र कठीण. मागल्या उन्हाळ्यात नाकाबंदीत एका शिपायाने विचारले, "काका, एवढ्या रात्री कुठे?" म्हटले, "हवा खायला." त्याने आत बॅटरी मारली. आत माझी पत्नी, एक माठ आणि अर्धे टरबूज. त्याने कागद परत दिले आणि हळूच म्हणाला, "आमची ड्युटी सकाळी आठले सुटते. तोवर येथेच हवा."

त्या शिपायाचे वाक्य मला बरेच दिवस पुरले. रात्री रस्त्यावर असलेली बहुतेक माणसे हवा खात नसतात, हे खरेच आहे. अमरावती रोडला वाडीच्या पुढे रात्री ट्रकांची जी रांग लागते, तिच्यातील चालकाच्या हातीही चाकच असते. तोच रस्ता, तेच चांदणे. माझ्या हाती ते चाक विश्रांती असते आणि त्याच्या हाती ओझे. फरक चाकात नाही. तो घड्याळात आहे, आणि ते घड्याळ कोणाच्या मनगटावर आहे यात आहे. माल सकाळी सहाला पोहोचला पाहिजे असे कोणी तरी दुसऱ्याने ठरविलेले असते. पहाटे दोन ते पाच या वेळात माणसाचे शरीर आपण होऊन झोपू मागते. त्याच्याशी तो तंबाखूच्या चिमटीवर झगडतो. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर, नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ अपघात होऊन पेटली आणि २५ माणसे गेली. रात्रीच्या प्रवासाचे गोडवे गाणाऱ्याने हे विसरता कामा नये, म्हणून मी येथे त्याचा उच्चार केला.

चालकांसाठी १९६१ साली कायदा झाला होता: दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या संहितेने त्याची जागा घेतली. जुना कायदा किती पाळला गेला, ते वाडीच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर विचारावे. एक गोष्ट मात्र चांगली झाली, ती चांगली म्हणावी. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांत चालकाच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले. माल थंड ठेवणाऱ्या गाड्या या देशात केव्हाच्याच होत्या. माणसाचा क्रम आता लागला.

आणि त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्या राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ पर्यंत नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, असे त्याबरोबर सांगितले गेले. हिशेब बरोबर आहे. चार दिवस बारा-बारा तास, की झाले ४८. पण बारा तासांच्या पाळीला जाण्यायेण्याचा दीड-दोन तास जोडा, जेवण जोडा, झोप जोडा. त्या दिवसाची रात्र उरत नाही. शिकागोच्या कामगारांनी १८८६ साली आठ तासांसाठी जीव दिले, तेव्हा दिवसाचे तीन भाग त्यांच्या मनात होते, आणि तिसरा भाग स्वतःचा होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मिळविली ती १० जून १८९० रोजी. रविवार हा खंडोबाचा वार, हेही कारण त्या मागणीमागे होते. नुसत्या दमल्या अंगासाठी त्यांनी सुट्टी मागितली नाही. १९४६ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर मंत्री असताना, कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ चा झाला. ते सहा तास कशासाठी होते? मी अनेक सभांतून उत्तर दिले आहे: वाचनासाठी, मुलांसाठी, संघटनेसाठी. आज असे जोडतो की काहीच न करण्यासाठीही होते. कन्हानच्या पुलावर गाडी हळू करून गार वारा घेण्यासाठी होते.

आता आक्षेप. आमच्याच कार्यालयातला एक तरुण सहकारी मला म्हणतो, "दादा, पेट्रोल शंभरीपार, हवा खराब, आणि तुम्ही जुनी गाडी उगाच फिरवता. ही चैनच आहे." त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. जुने इंजिन नव्यापेक्षा अधिक धूर सोडते, हे मी नाकारीत नाही. म्हणून महिन्यातून दोन-तीन रात्री, त्याहून अधिक नाही. आणि कोणी ना कोणी बरोबर असतेच. दुसऱ्या पाळीहून सुटलेले लोक कित्येकदा घरी सोडले जातात. पंधरा वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी पुन्हा करून घेण्याची फी एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५००० झाली. तीही भरली, पर्यावरण कर भरला, धुराची तपासणी केली. पण सरकारने एक तराजू सर्वांना लावावा. जो दर तीन वर्षांनी दोन टनांची नवी गाडी घेतो, त्याच्या मागे किती लोखंड वितळले, किती कोळसा जळला, याचा हिशेब कोणी त्याच्या दारावर चिकटवीत नाही. आमची व्हॅन रिकामी असताना वजनाने टनाच्याही खालीच भरते. आणि चैन म्हणाल तर, होय, चैनच आहे. कामगाराने चैन करू नये असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे, ते त्या तरुणाने मला अजून दाखविलेले नाही.

एक शेवटचा प्रसंग सांगून मी आपली रजा घेतो. आमच्या ओळखीचे एक ट्रकचालक आहेत. पंचवीस वर्षे त्यांनी मालाच्या गाड्या चालविल्या. गेल्या वैशाखात त्यांना मी रामटेकच्या रस्त्यावर नेले, आणि वळणावर चाक त्यांच्या हाती दिले. त्यांनी सवयीने विचारले, "कुठं उतरवायचं?" म्हटले, "काही उतरवायचं नाही. पाहिजे तिकडे न्या." ते तीस-पस्तीसच्या वेगाने बराच वेळ चालले, काही बोलले नाहीत. तलावाच्या अलीकडे त्यांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केले, दिवे मालविले. इंजिन निवताना पत्र्याचा टिक टिक आवाज येतो, तो ऐकू येऊ लागला. मग म्हणाले, "गाडी उभी केली अन् कोनाले फोन करा नाही लागला, असं पंचवीस वर्षांत पयल्यांदाच झालं, भाऊ."

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, गाडी ॲव्हरेज किती देते. म्हटले, चौदा. ते म्हणाले, कार्ब्युरेटर साफ करा लागते. पुढच्या रविवारी दुपारीच येऊन, सीट उचलून, त्यांनी तो स्वतः साफ केला. आता पंधरा देते.